लोटन पोलवर होता तेव्हा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी आकाशातून जे जळत गेलं ते अख्ख्या खान्देशाने पाहिलं. जळगावच्या लोकांनी गच्चीवरून पाहिलं, धुळ्याच्या लोकांनी हायवेवर गाड्या थांबवून पाहिलं. माझ्या जागी ड्यूटीवर यायचा तो दीपक बोदवडला सासऱ्याच्या अंगणात खाटेवर पडून पाहत होता म्हणे, जावईबापू. मी नाही पाहिलं. उघड्या माळावर, चारी बाजूंनी आकाशच आकाश अशा जागी मी बसलो होतो, आणि मी झोपलो होतो. हसायचं तर हसून घ्या एकदाचं.

मी प्रेमराज. साक्रीपासून चौदा किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी विजेचं एक लहान सबस्टेशन आहे, तिथे मी बारा वर्षांपासून कंत्राटी ऑपरेटर आहे. काम म्हणजे गावांकडे वीज नेणारा फीडर बंद करायचा, फीडर चालू करायचा आणि मधल्या वेळात शिव्या खायच्या. लाईट गेली की सहा गावांना माझा नंबर तोंडपाठ. लाईट असली की प्रेमराज मेला का जगला, कोणाला सोयरसुतक नाही. तीन माणसांची जागा आहे, आम्ही दोघं आहोत, आणि त्यातला एक सासरवाडीला गेलेला. मी त्याच्याही आदल्या दिवशी सकाळी आठला आलो होतो. दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजले तरी मी तिथेच. रात्री शेतीच्या लाईनीवर इतका लोड होता की दर अर्ध्या तासाने काहीतरी उडत होतं. डबा संपला, चहाची पूड संपली, डोळ्यांत कोणी तिखट टाकावं तशी आग होत होती.

त्यात लोटनचा फोन आला.

लोटन म्हणजे खैरबारीचा झिरो वायरमन. झिरो वायरमन म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे खरा वायरमन एक आणि गावं चौदा. मग प्रत्येक गावात कोणीतरी एक जण पोलवर चढायला शिकलेला असतो. त्याला पगार नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत. लाईट आली की लोक चहा पाजतात, नाही आली की त्याच्या दारात जाऊन ओरडतात. पडला, चिकटला, मेला, तर कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही. खरंच नाही तो, कुठल्या कागदावर त्याचं नाव नसतं. परमिटच्या वहीत मी नाव लिहितो खऱ्या वायरमनचं, सुकलालचं, आणि पोलवर असतो लोटन. चुकीचं आहे हे मलाही कळतं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लोटन म्हणाला, मारुतीच्या देवळाजवळच्या पोलवर जम्पर जळलाय, अख्खं गाव अंधारात आहे. जम्पर म्हणजे वरच्या वर दोन तारा जोडणारा तुकडा. अर्ध्या तासाचं काम. फीडर बंद कर.

"उद्या कर ना सकाळी," मी म्हटलं.

"सकाय मनी कामिनी येई राह्यनी," तो म्हणाला. "जावईबी शे संगे. पहिली आखाजी शे पोरनी. अंधारमा बसाडू का त्यासले?"

लोटनची कामिनी फाल्गुनात लग्न होऊन जळगावला गेली, नवरा डाळमिलमध्ये आहे. लग्नानंतरची पहिली आखाजी, लेक माहेरी येणार, झोका बांधलेला असणार. आता याला नाही कसं म्हणायचं? मी ब्रेकर पाडला. खैरबारीबरोबर बाकीची पाच गावंही अंधारात गेली, कारण सगळी एकाच फीडरवर आहेत.

आमच्या दोघांत एकच नियम. लोटन चढताना मोबाईल खाली बायकोजवळ देतो. उतरला की स्वतः फोन करतो. त्याचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय मी लाईन टाकत नाही, म्हणजे वीज सोडत नाही, मग सरपंच बोलो नाहीतर मंत्री. खरं तर ब्रेकर पाडल्यावर पुढचा मोठा स्विचही उघडून त्याला कुलूप लावायला पाहिजे. पण तो गंजलेला, एकट्याने ओढला जात नाही, म्हणून ब्रेकरवरच भागवतो. खूण म्हणून ब्रेकरच्या दांड्यावर माझा रुमाल टांगतो, म्हणजे चुकून हात गेला तर रुमाल लागेल. "काम चालू आहे" अशी पाटी होती पूर्वी. ती कोणी नेली देव जाणे.

मी खोलीत येऊन खुर्चीवर बसलो. फोन सुरू झाले. लाईट कधी येणार, पुरणाची डाळ वाटायची आहे, मिक्सर बंद आहे, सणाच्या तोंडावरच तुमची कामं निघतात का. मी म्हणत होतो, अर्धा तास. अर्धा तास. अर्धा तास. सात-आठ फोन तरी घेतले असतील. नववा घेतला का नाही, मला सांगता येत नाही.

डोळे उघडले ते उजेडाने. खिडकी पांढरीफटक झाली होती, निळसर पांढरी. टेबल, पाण्याचा माठ, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं भर दुपारी दिसतं तसं दिसत होतं, आणि खिडकीच्या गजांच्या सावल्या भिंतीवरून सरकत चालल्या होत्या. आवाज काहीच नव्हता. मग परत काळोख.

दुसऱ्या कोणाला हे दिसलं असतं तर त्याने वर आकाशात पाहिलं असतं. बारा वर्षं विजेत काढलेल्या माणसाला निळा-पांढरा उजेड म्हणजे एकच गोष्ट कळते, लाईनीवर मोठा जाळ झाला. आणि लाईनीवर लोटन होता. मी टाकली. झोपेत उठून मी लाईन टाकली.

तुम्ही म्हणाल, झोपेत कोण लाईन टाकतं? मी टाकलेली आहे. गेल्या दिवाळीत अशीच जोडून तिसरी ड्यूटी होती. पहाटे उठून मी फीडर चालू केला, वहीत वेळ लिहिली, सही केली आणि परत बसलो. सकाळी वही पाहिली तेव्हा अक्षर माझं होतं, आठवण काही नव्हती. हात सवयीने चालतात, त्यांना डोकं लागत नाही. त्या दिवशी लाईनीवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. कोणाला सांगितलंही नाही.

मी बॅटरी घेऊन ब्रेकरकडे पळालो. रुमाल खाली पडलेला. ब्रेकर "बंद" दाखवत होता. पण त्याने जीव भांड्यात कसा पडणार? चालू लाईनीत माणूस सापडला की ब्रेकर आपोआप पडतो आणि मग तोही "बंद"च दाखवतो. तो माझ्या हाताने बंद आहे का माणूस जाळून बंद झालाय, हे कळायला पॅनेलवर एक लहान पट्टी असते, दोष आला की ती पडते. आमची ती पट्टी सहा महिन्यांपासून पडलेलीच आहे. तीन अर्ज केलेत मी. रुमालाचं म्हणाल तर वारा होता, वाऱ्यानेही पडला असेल. नसेलही.

मी लोटनला फोन लावला. वाजला, कोणी उचलला नाही. परत लावला. एवढ्यात लांबून दण्ण असा आवाज आला, जमीन हादरल्यासारखी झाली, पत्रे वाजले. मला वाटलं कुठली तरी डीपी, गावातला ट्रान्सफॉर्मर, उडाली. मग माझाच फोन वाजायला लागला आणि थांबेचना. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे आकाशातून आगीचा गोळा गेला, पूर्वेकडून आला, पार गुजरातकडे गेला, तीन तुकडे झाले. एक जण म्हणाला, मोठा तारा तुटला भाऊ, कोणीतरी मोठा माणूस गेला. मी त्याला म्हटलं, ठेव फोन. म्हणजे उजेड आकाशातला होता, हे तिसऱ्या-चौथ्या फोनला मला कळलं होतं. तरी छातीवरचा दगड हलेना. आकाशात काहीही जळलेलं असो, मी मधल्या वेळात उठलो होतो का नव्हतो, ते आकाश थोडंच सांगणार होतं?

शेवटी लोटनच्या नंबरावरून फोन आला. बोलत होती कोकिळावहिनी, त्याची बायको. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलत होती.

"प्रेमराजभाऊ, तुम्ही लाईन टाकी का?"

मी विचारलं, "लोटन कुठे आहे?"

"वर शे. पोलले मिठी मारीसन बसेल शे. हाका मारी राह्यनूत, बोलस नही. लोके माले हात लावू देतस नही. करंट शे म्हनतस."

पोल लोखंडी होता. देवळापुढे शे-दीडशे माणूस उभा आणि कोणी पोलला हात लावायला तयार नाही. त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडे चिकटलेल्याला सोडवायला गेलेला दुसरा माणूस आधी मरतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. ते सगळे वाट पाहत होते माझ्या एका शब्दाची. आणि माझ्या शब्दाची काय किंमत होती ते मला एकट्याला ठाऊक होतं.

"दोन मिनिटं थांबा वहिनी," मी म्हटलं, "फोन ठेवू नका."

मी तो गंजका स्विच ओढायला गेलो. दोन माणसांशिवाय न हलणारा तो दांडा. लटकलो त्याला, पाय भिंतीला लावले, तळहाताची साल निघाली, आणि आला खाली. वर तिन्ही तारांत फट पडलेली बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहिली. कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. आता कोणी काही केलं तरी खैरबारीला वीज जाणार नव्हती. मागे मी झोपेत असताना काय झालं होतं ते मात्र कळायचं तसंच राहिलं.

"लाईन बंद शे," मी म्हटलं. माझी बोली मी ऑफिसात बोलत नाही, पण तेव्हा तीच आली. "मी सांगस वहिनी, बंद शे. कुलूप शे, किल्ली मना खिसामा शे."

"हात लावू का?"

"लावा."

मला फोनमधून काहीच ऐकू आलं नाही. तिने मला विचारलं, मी लाव म्हटलं, आणि तिने लावला. तिच्याशिवाय कोणी पुढे आलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. मी तिथे माळावर उभा, कानाला फोन.

मग ती म्हणाली, "लावा मी हात. काही व्हयनं नही." त्यापाठोपाठ गावाचा गलका ऐकू आला. दोन माणसं वर चढली.

लोटन जिवंत होता. त्याला खरचटलंही नव्हतं. दातखिळी बसली होती. दहा मिनिटांनी तो फोनवर आला तेव्हाही त्याचे दात वाजत होते. म्हणाला, पान्हा हातात होता, एकदम माझे हात मला पांढरे दिसले, हाताची सावली पोलवर फिरायला लागली. वर पाहिलं तर डोंगराच्या माथ्यावरून हिरवट पांढरा गोळा येत होता, घराएवढा, मागे ठिणग्या सांडत. त्याच्याहून सुंदर काही जन्मात पाहिलं नाही म्हणाला. पण ते वाटलं गोळा गेल्यावर. आधी त्याला वाटलं, ही लाईन आली.

"माले वाटनं, मी मरी गऊ," तो म्हणाला. "मंग वाटनं, मेलो नही, पन हालनू का मरसू. मंग हालनूच नही."

मग त्याने विचारलं, "प्रेमराज, तू झोपेल व्हता का?"

इथे खोटं बोलणं अगदी सोपं होतं. अख्खा जिल्हा आकाशातल्या गोळ्याबद्दल बोलत होता, माझ्या झोपेबद्दल कोण विचारणार होतं? पण हा माणूस उद्या परत माझ्या भरवशावर चढणार होता.

"हो," मी म्हटलं. "झोपलो होतो. लाईन टाकली का नाही तेही मला नक्की माहीत नाही. टाकली असती तर तू बोलत नसतास, एवढंच."

मग फोन कोकिळावहिनीने घेतला.

"काम अर्धं शे," ती म्हणाली. "किल्ली लीसन तुम्ही आठे या."

सबस्टेशन सोडून जायचं म्हणजे नोकरीवर पाणी. पण ती बोलली ते बरोबर होतं. जोवर किल्ली झोपाळू माणसाजवळ आहे तोवर तिचा नवरा पोलवर चढणार नव्हता, आणि मी तिच्या जागी असतो तर असंच म्हटलं असतं. मी गेट लावलं आणि मोटारसायकल काढली. वाटेत दोनदा डोळा लागला. खोटं नाही सांगत, बाभळीच्या फांदीने तोंडावर फटका मारला म्हणून जागा झालो.

खैरबारीत देवळापुढे सगळं गाव बसलेलं. पुढ्यात मोबाईलच्या बॅटऱ्या. मला वाटलं होतं मारतील. कोणी जागचं हललं नाही. लोटन पोलच्या बुडाशी बसला होता, मला पाहून मान हलवली. वहिनीने हात पुढे केला. मी किल्ली दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातांनी आवळली. मग माझा मोबाईल मागितला. तोही दिला. तो तिने तोताराम आबांकडे दिला. आबा म्हणजे देवळाचे पुजारी, ऐंशीच्या घरातले.

"आते तुम्ही झोपा," ती मला म्हणाली.

"इथे?"

"वटावर. हाई काम व्हवानंतर तुम्हलेच लाईन टाकनी शे ना?"

मी म्हटलं, वहिनी, पाच गावं अंधारात आहेत, साहेबांचे फोन येतील, मला जायला पाहिजे. तिने लोटनकडे पाहिलं, लोटनने पान्हा उचलला. त्याच्यापुढे कोण काय बोलणार? मी देवळाच्या ओट्यावर बसलो. मनात म्हटलं, झोपायचं नाही, लोटन उतरेपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नाही. माझ्यामुळे तो मरता मरता वाचला, आणि मी परत झोपू? लाज आहे का नाही? त्याला तिसऱ्या पायटांगीपर्यंत, पोलवरच्या पाय टेकवायच्या तिसऱ्या दांडीपर्यंत, चढताना पाहिलं मी. पुढचं नाही पाहिलं.

जाग आली तेव्हा अंधारच होता. अंगावर कोणाची तरी गोधडी. क्षणभर कळेना मी कुठे आहे. मग पोलकडे पाहिलं, वर कोणी नव्हतं. लोटन माझ्या पायाशी ओट्यावर बसून बिडी ओढत होता. सगळं गाव अजून तिथेच होतं. पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली, बाया हळू आवाजात आखाजीची गाणी म्हणत होत्या. हळू का, तर मी झोपलो होतो म्हणून.

"किती वाजले?" मी विचारलं.

"अकरा," लोटन म्हणाला.

"आणि काम?"

"नऊलेच व्हयनं."

दोन तास. काम होऊन दोन तास झाले होते, तरी ते लोक अंधारात बसले होते. मी उठून बसलो. तोताराम आबांच्या हातात माझा फोन वाजला. आबांनी उचलला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मानूस पोलवर शे. लाईट नही." आणि ठेवला. दोन तासांपासून आबा सगळ्यांना हेच सांगत होते. पाच गावांना सांगितलं, साक्रीच्या साहेबांना तीन वेळा सांगितलं. देवळाचा पुजारी, आणि आखाजीच्या तोंडावर असं धडधडीत खोटं.

"उठवायचं ना मला," मी चिडलो. खरंच चिडलो. "नोकरी जाईल माझी. मला का उठवलं नाही?"

कोकिळावहिनी तांब्या घेऊन आली. म्हणाली, "तोंड धुई ल्या."

धुतलं. तिने बॅटरी माझ्या तोंडावर धरली, डोळे पाहिले, डॉक्टर पाहतो तसे. मग विचारलं, "आज कोन वार शे?"

मी वार सांगितला. तिने लोटनकडे पाहिलं. लोटन म्हणाला, बरोबर शे. तरी तिने गाठ सोडली नाही.

"झोप व्हयनी का?" तिने विचारलं.

बारा वर्षं मी त्या माळावर बसतोय. लाईट का गेली, लाईट कधी येणार, झोपला होतास का रे भाड्या, हे सगळं मला विचारून झालंय, दिवसातून पन्नास वेळा. हे कोणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं, एवढ्या लोकांपुढे, आणि मी तोंड परत धुतलं म्हणजे कळणार नाही.

"झाली," मी म्हटलं.

मग तिने दातांनी गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातात दिली.